गोळी सुटल्यानंतर काय होते?

गतीचे नियम शिकवताना बंदूक आणि गोळी यांचे उदाहरण हमखास येते. गोळीचे वस्तुमान, तिचा वेग आणि बंदुकीचे वस्तुमान दिलेले असते. बंदूक किती वेगाने मागे हटेल ते काढायचे असते. संवेग अक्षय्यतेचे सूत्र मांडले, उत्तरातल्या ऋण चिन्हाचा अर्थ 'विरुद्ध दिशेने' असा लिहिला, की पूर्ण गुण मिळतात. या उदाहरणात चूक काही नाही. माझी तक्रार आहे ती ते जिथे थांबते त्या जागेबद्दल. तिथे थांबल्यामुळे आपण काय गमावतो, हे एका खऱ्या आणि घरच्या बनावटीच्या रायफलीच्या आधारे पाहू या.

ही रायफल म्हणजे 'इन्सास'. पुण्याला पाषाण येथे असलेल्या 'एआरडीई' या संरक्षण संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात तिचा आराखडा तयार झाला. इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली येथील सरकारी कारखान्यांत ती बनू लागली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस सैन्याच्या हाती आली. तिच्या नळीचा व्यास ५.५६ मिलिमीटर. चाप एकदा ओढला की एक गोळी, किंवा खटका फिरवून ठेवला तर ओळीने तीन गोळ्या, अशी तिची रचना आहे. पुढचे काडतूस ती स्वतःच भरून घेते.

आता नेहमीचे गणित करू. गोळी सुमारे ४ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर, रायफल सुमारे ४ किलोग्रॅमची. गोळीचा संवेग ३.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद, म्हणून रायफल सेकंदाला ०.९ मीटर वेगाने मागे येईल. पुस्तकातले उदाहरण इथे संपते. गतिज ऊर्जा काढायला मात्र सहसा सांगितले जात नाही. ती काढली तर गोळीची १६२० जूल आणि रायफलीची १.६२ जूल येते. संवेग सारखे, पण ऊर्जेत हजारपट फरक! वस्तुमानात हजारपट फरक आहे म्हणून हे घडते, हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसले, तर संवेग आणि ऊर्जा या दोन वेगळ्या राशी का मानायच्या, हा प्रश्न त्याला पुन्हा पडणार नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तक सांगत नाही. काडतुसातल्या दारूचे वस्तुमान गोळीच्या साधारण चाळीस टक्के असते. तिचे जळून झालेले वायू नळीच्या तोंडातून गोळीपेक्षाही अधिक वेगाने बाहेर पडतात. त्यांचाही संवेग असतोच. म्हणजे खांद्याला बसणारा खरा धक्का आपल्या उत्तरापेक्षा बराच मोठा असतो. 'या गणितात आपण काय गृहीत धरले?' हा प्रश्न वर्गात विचारायला याहून चांगली जागा कोणती?

उरलेले नव्याण्णव मिलिसेकंद

अर्ध्या मीटरहूनही आखूड नळीतून बाहेर पडायला गोळीला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. अशी रायफल मिनिटाला साधारण ६०० या गतीने गोळ्या झाडते असे धरले, तर एका गोळीपासून दुसरीपर्यंत १०० मिलिसेकंद जातात. पाठ्यपुस्तकातले गणित त्यातल्या पहिल्या मिलिसेकंदाचे आहे. यंत्राचे खरे काम उरलेल्या नव्याण्णव मिलिसेकंदांत चालते.

नळीतल्या वायूचा थोडासा अंश एका बारीक छिद्रातून वर घेतला जातो आणि तो दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याबरोबर बोल्ट सुटतो, मागे येतो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि स्प्रिंग दाबतो. मग तीच स्प्रिंग बोल्टला पुढे लोटते. जाताना तो मॅगझीनमधले नवे काडतूस नळीत सरकवतो आणि बंद होतो. चक्र पूर्ण होते.

याकडे घरखर्चाच्या हिशेबासारखे पाहावे. समजा, अर्धा किलोग्रॅमचा भाग सेकंदाला ५ मीटर वेगाने मागे निघाला. त्याची ऊर्जा सुमारे ६ जूल. गोळीच्या १६२० जुलांपुढे ही चिल्लरच, पण सगळा खर्च तिच्यातून भागवायचा: बोल्ट सोडवणे, पुंगळी ओढणे, घर्षण सोसणे आणि परतीच्या प्रवासासाठी स्प्रिंगमध्ये काही बाजूला ठेवणे. महिनाअखेरीस थोडी शिल्लक हवीच. ती संपली तर चक्र मध्येच अडते. फार जास्त उरली तर भाग एकमेकांवर आदळून झिजतात.

१९९९च्या मे ते जुलैमध्ये कारगिलच्या युद्धात इन्सास पहिल्यांदा मोठ्या लढाईला सामोरी गेली. साडेचार-पाच हजार मीटर उंचीवरच्या त्या शिखरांवर उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याखाली जातो. रायफल अडकते, थंडीने प्लॅस्टिकच्या मॅगझीनला तडे जातात, तीन गोळ्यांनंतर थांबायला हवी तिथे ती थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. आपला हिशेब इथे लावून पाहा. थंडीत दारू मंद जळते, म्हणजे आवक घटते. वंगण घट्ट होते, म्हणजे खर्च वाढतो. प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि पुढचे काडतूस जागेवर धरून ठेवणाराच दगा देतो. प्रत्येक कारण एकेकटे किरकोळ वाटते, पण सगळी एकत्र आली की शिल्लक संपते. मुंबईच्या हवेत बिनतक्रार चालणारे यंत्र द्रासला का अडते, याचे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात आहे. आपण तिथपर्यंत जात नाही, एवढेच.

कोणाचे चुकले?

माटुंग्यातल्या काही शिक्षकांशी या विषयावर बोलताना दोन मते ऐकू आली. 'आपल्याकडे बनलेले असेच असायचे' हे एक, आणि 'कारगिल याच रायफलीने जिंकले, उगाच टीका नको' हे दुसरे. दोन्ही मते पक्की होती. बिघाड चक्राच्या कोणत्या पायरीवर झाला, हे मात्र दोघांनीही विचारले नव्हते.

पहिल्या मताला इतिहासाचा आधार नाही. अमेरिकेची एम-१६ रायफल १९६०च्या दशकात व्हिएतनाममध्ये वारंवार अडकत होती. काडतुसातल्या दारूचा प्रकार बदलला होता आणि सैनिकांना सफाईचे साहित्य पुरेसे दिलेले नव्हते. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने उघड सुनावणी घेऊन यावर अहवाल दिला. ब्रिटनच्या एसए-८० रायफलीच्या तक्रारी १९९१च्या आखाती युद्धात पुढे आल्या आणि पुढे तिच्यात मोठे बदल करावे लागले. बिघाड कोणत्याही देशाच्या यंत्रात होतो. तो किती उघडपणे तपासला जातो, यात फरक पडतो.

दुसरे मत अधिक घातक आहे. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमध्ये माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत चाळीसहून अधिक सैनिक मारले गेले. तिथल्या सैन्याने दोष इन्सासला दिला. भारतीय बाजूने सांगितले की रायफल नीट हाताळली गेली नाही. हे उत्तर खरे मानले तरी पुरेसे नाही. थकलेला, घाबरलेला, धुळीने माखलेला माणूस हाही यंत्राच्या परिस्थितीचाच भाग असतो. आराखड्यात त्याचा विचार नसेल, तर तीही आराखड्याची उणीव होय. इन्सासमध्ये नंतर सुधारणा झाल्या. २०१९ पासून सैन्याने तिच्या जागी दुसऱ्या रायफली घ्यायला सुरुवात केली. पण प्रयोगशाळेत सापडू शकणारा दोष शिखरावर सापडला, तर त्याची किंमत सैनिक मोजतो, हे विसरता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

बंदूक वर्गात आणायची नाही आणि परवान्याशिवाय शस्त्र बनवणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे. आपले काम शिवणयंत्र उत्तम करते. तेही चक्रावरच चालते: सुई खाली जाते, धाग्याचा फास होतो, खालचा आकडा तो पकडून बॉबिनभोवती फिरवतो, टाका आवळला जातो, दाते कापड पुढे सरकवतात.

शिक्षकाने मुलांच्या नकळत एक दोष करून ठेवावा. सुई उलटी बसवावी किंवा धाग्याचा ताण सैल करावा. मुलांनी चाक हाताने, सावकाश फिरवून पाहावे. पायाने यंत्र चालवू नये. वहीत तीन गोष्टी लिहाव्या: नेमकी कोणती पायरी चुकली, त्याची शक्य कारणे कोणती, आणि त्यांतले कोणते आधी तपासायचे व का. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दहा टाके घालावे आणि नोंद करावी. दोन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर ते दुरुस्त झाले खरे, पण आपल्याला काहीच कळले नाही.

आमच्या माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात गाड्यांचे डबे ठरावीक काळाने तपासणीला येतात. ते बिघडलेले असतात म्हणून नव्हे, तर बिघडू नयेत म्हणून. जवळच्या शाळांना ही सवय समजावून द्यायला दूर जावे लागत नाही.

आणि परीक्षेत बंदुकीचे उदाहरण घालायचेच असेल, तर त्याला दोन उपप्रश्न जोडावे: 'उत्तर काढताना तुम्ही काय गृहीत धरले?' आणि 'हीच रायफल उणे दहा अंश तापमानात वापरली, तर काय काय बदलेल?' दुसऱ्याला एकच बरोबर उत्तर नाही. तपासायला वेळ लागेल, पण त्या उत्तरांतून मुलांना काय समजले ते कळेल.