लायलसाहेबांचे रोम आणि आमचे वऱ्हाड

सर आल्फ्रेड लायल हे नाव आज वऱ्हाडात फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १८६७ साली ते पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर झाले. त्या विभागाची कचेरी अकोल्यास होती, पूर्व वऱ्हाडची अमरावतीस. त्यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० साली निघाले. आणि याच प्रांतातील देवधर्माच्या निरीक्षणावर उभा असलेला निबंध त्यांच्या ‘एशियाटिक स्टडीज’ (१८८२) या ग्रंथाच्या आरंभी आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात वाङ्मय म्हणून टिकेल असे थोडेच. त्या थोड्यांत आम्ही या निबंधाची गणना करतो. शेंदूर फासलेला दगड, मरणोत्तर पूजेस पात्र ठरलेला साधुपुरुष, हे सारे लायल उपहासाविना पाहतात. ख्रिस्ती धर्म पसरण्यापूर्वीच्या रोमन जगातील बहुदेवपूजेची आपण ग्रंथांवरून केवळ कल्पना करतो. तिचे जिवंत रूप त्यांना येथे दिसले.

आमचा आक्षेप एवढाच की ही उपमा देवळापाशी थांबते. ज्या कचेरीचा लेखक स्वतः मुख्य होता तिच्याकडे ती वळत नाही. वळली असती, तर तिचे बळ अधिक दिसले असते.

इसवी सनापूर्वी २७ मध्ये ऑक्टेव्हियनने प्रजासत्ताक परत दिल्याची घोषणा केली आणि ‘ऑगस्टस’ ही पदवी घेतली. सिनेट राहिली, कॉन्सल राहिले. बदलले ते इतकेच की सैन्य, महत्त्वाचे प्रांत आणि अंतिम शब्द एका माणसाकडे गेले. अधिकारात आपण सहकाऱ्यांहून मोठे नव्हतो, प्रभावात मात्र होतो, असे त्याने स्वतःच आपल्या कार्याच्या शिलालेखात नोंदविले आहे. टायबेरियसच्या आरंभी, इ. स. १४ मध्ये, निवडणुका लोकसभेतून सिनेटमध्ये गेल्या. नावे तीच राहिल्यामुळे बदल कोणत्या दिवशी झाला हे कोणास सांगता येईना.

आता वऱ्हाडकडे पाहावे. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची, कारभार रेसिडेंटाचा. १८६० च्या तहाने शिल्लक निजामास द्यावी असे ठरले. पण हिशेब मागण्याचा हक्क त्यास उरला नाही. १९०२ साली वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, आणि त्याच करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले! पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. कायद्याच्या भाषेत ते परकी मुलूखच होते. म्हणून १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार आपला प्रतिनिधी निवडीत, आणि सरकार त्याच निवडलेल्या माणसास नेमणुकीने कौन्सिलात बसवी. टायबेरियसच्या सिनेटरांना हा प्रकार अपरिचित वाटला नसता.

वसुलीतही साम्य आहे. रोमन प्रजासत्ताकाच्या काळी प्रांतांचे कर मक्तेदार गोळा करीत. शुभवर्तमानांतील जकातदारांविषयीचा लोकांचा राग वाचकांना ठाऊकच आहे. साम्राज्यात मुख्य करांवरील मक्तेदारांची पकड हळूहळू सुटली आणि पगारी अधिकारी व शिरगणती आली. संत लूक ज्या नावनिशीची नोंद करतो ती याच यंत्रणेची. वऱ्हाडातही चंदूलालांच्या काळी वसूल मक्त्याने जाई, पेस्तनजी विकाजींच्या पेढीसारख्या सावकारांकडे महाल लागत. इंग्रजांनी मक्ता मोडला, मुंबईच्या धर्तीवर मोजणी करून रयतवारी आणली. रयतेस हे सुख वाटले असेल, आणि ते खोटे नव्हते. पण हक्क लेखी झाला तशी जमीन गहाण टाकता येऊ लागली. रेल्वे आली, कापसाला भाव आला, सावकार आला. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने या समृद्धीचा पाया दाखविला. लक्ष्मण सत्य यांचा कापूस आणि दुष्काळ यांवरील ग्रंथ (१९९७) हा संबंध उलगडतो. गॅझेटियरकाराच्या लेखणीतून निसटलेला शेतकरी तेथे भेटतो.

जेथे उपमा मोडते ती जागा आम्हांस अधिक बोलकी वाटते. रोमने गावोगावच्या प्रतिष्ठितांना कामावर ठेवले. नगरसभेचे सदस्य करवसुलीस जबाबदार धरले गेले, आणि चौथ्या शतकापर्यंत तो मान असा फास झाला की त्यातून सुटू पाहणाऱ्यांना कायद्याने परत आणावे लागे. वऱ्हाडात उलटे झाले. देशमुख-देशपांड्यांचे काम गेले, रोख रक्कम आणि मान राहिला. देशमुखी गेली, देशमुख मात्र राहिले. अमरावती जिल्ह्यात कोणत्याही लग्नपत्रिकेवर याचा पडताळा घ्यावा. पाटील-पटवारी तेवढे सरकारी यंत्राचे शेवटचे चाक बनले.

दुसरा भेद याहून मोठा. रोमने प्रांतातील माणसास आत घेतले. ट्राजन स्पेनमधला, सेप्टिमियस सेव्हेरस आफ्रिकेतला, आणि २१२ साली कॅराकालाने साम्राज्यातील बहुतेक साऱ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. त्यामागे कराची हाव असेलही. पण अकोल्याच्या कुणब्यास इंग्रजांनी तेवढ्या हावेनेसुद्धा आपले म्हटले नाही. तो दोन धन्यांचा राहिला, आणि दाद कोणापाशी मागावी हा प्रश्न त्यास पडला तर उत्तर कोणाकडेच नव्हते. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. प्रांत मात्र नागपुराहून चालत होता.

लायल यांनी पुढे ब्रिटिश सत्तेच्या विस्ताराचा इतिहास लिहिला, १८९३ साली. तह आणि लढाया यांच्या उंचीवरून तो पाहतो. नीटस आहे, पण वऱ्हाडच्या निबंधातली धूळ त्यात नाही. ज्यांना एकच वाचावयाचे आहे त्यांनी निबंध वाचावा, आणि देवांची नावे येतील तेथे तहसीलदार, पाटील, सावकार ही नावे मनात घालून पाहावीत.