‘ऐसा गा मी ब्रह्म’ : कामगाराची बोली की भाषेवरील हक्क?

नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला काव्यसंग्रह १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्याविषयीचे बरेचसे लेखन कवीच्या चरित्राभोवती फिरत राहिले आहे. जन्मदात्यांनी टाकून दिलेले मूल, गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी केलेला सांभाळ, गिरणीतील मजुरी, शाळेतील शिपाईपण व पुढे शिक्षकी हे सर्व खरे आहे. परंतु त्यावरून या संग्रहाची भाषा म्हणजे ‘कामगारांची बोली’ होय, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो भाषाभ्यासकास मान्य करता येणार नाही.

जुन्नर-आंबेगावच्या गावांतून पोटासाठी मुंबईस गेलेला माणूस ‘व्हतं’, ‘न्हाई’ अशी रूपे वापरतो. या संग्रहातील ‘मी’ तसे बोलत नाही. त्याचे व्याकरण प्रमाण मराठीचे आहे. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ या सुर्व्यांच्या कवितेत बोलीरूप शीर्षकातच आले आहे, पण तेथे बोलणारी व्यक्ती कवीहून वेगळी आहे. बोली पात्राच्या मुखी आणि प्रमाणभाषा स्वतःच्या मुखी, हा भेद सहज घडलेला नसून त्याला अर्थ आहे.

तो अर्थ संग्रहाच्या नावातच दिसतो. ‘ऐसा’ हे जुन्या मराठीचे रूप होय. ‘गा’ हे पुरुष-श्रोत्यास उद्देशून येणारे संबोधन ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाशी बोलताना वारंवार येते. ‘ब्रह्म’ हा तर उपनिषदांचा शब्द. या तिहींच्या मध्ये ‘मी’ उभा आहे आणि तो गिरणगावातील आहे. ‘गा’ म्हटले की कोणीतरी ऐकणारा गृहीत धरावा लागतो. येथे तो ऐकणारा सुशिक्षित वाचक आहे. त्याला अर्जुनाच्या जागी बसविले आहे. म्हणजे कामगार येथे आपली बोली सादर करीत नाही. ज्या भाषेत त्याला बोलू दिले गेले नव्हते, तिच्यावर तो आपला हक्क नोंदवितो.

‘दोन दिवस’ ही कविता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिची रचना हिशेबाची आहे. मराठीत ‘दिवस जातो’ असे म्हणताना दिवस हाच कर्ता असतो. माणूस वाक्याबाहेर राहतो. गिरणीच्या हजेरीपटावर दिवस म्हणजे मजुरी. तो ‘भरतो’ किंवा त्याचा ‘खाडा’ पडतो. रोजच्या वापराने गुळगुळीत झालेल्या या वाक्प्रयोगातून आयुष्याचा जमाखर्च मांडला जातो. हात, गहाण, भट्टी, भाकरी असे साधे शब्द तेथे येतात. एकही शब्द परिभाषेचा नाही.

याउलट, क्रांतीचा उद्घोष करताना कवी अमूर्त संस्कृत नामांचा आधार घेतो, तेथे आधीच्या पिढीच्या वक्तृत्वाचा प्रतिध्वनी ऐकू येतो आणि कविता सैल पडते. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहात हा दोष बराच कमी झालेला आढळतो.

एक परदेशी उदाहरण तुलनेस घेता येईल. ‘द स्ट्रीट्स’ या नावाने माइक स्किनर यांनी २००२ साली ‘ओरिजिनल पायरेट मटेरियल’ हा आपला पहिला हिप-हॉप गीतसंच प्रसिद्ध केला. अनेक ब्रिटिश गायक अमेरिकन उच्चार उसने घेत असताना, सामान्य तरुणांचे जगणे त्यांनी बर्मिंगहॅम-लंडनच्या बोलण्यातच मांडले. तेथे माध्यम ध्वनिमुद्रण असल्यामुळे उच्चार हीच वर्गाची खूण ठरली. छापील पानावर उच्चार उमटत नाही. म्हणून सुर्वे यांना वर्गाची खूण वाक्यरचनेत आणि संबोधनात शोधावी लागली. दोघांनी मार्ग वेगळे घेतले. परंतु उसना आवाज नाकारणे दोघांतही आहे.

बोरी बुद्रुकच्याच तालुक्यात, आळे येथे, ज्ञानेश्वरांनी वेद बोलविलेल्या रेड्याची समाधी आहे. त्या कथेत बोलणारा नवलाचा आहे. शब्द मात्र त्याचे नाहीत. फारशी शाळा न लाभलेल्या कामगाराने कविता लिहिली याचे नवल करणारी समीक्षा, सद्भावनेने का होईना, सुर्वे यांना त्या कथेत नेऊन बसविते. नवल केले की परीक्षण थांबते. कोणती ओळ सकस आणि कोणती पोकळ हे विचारण्याचे कारण उरत नाही. कवीला समान मानावयाचे, तर त्याच्या दोषांचीही चर्चा केली पाहिजे.

पदव्युत्तर प्रबंधांत या संग्रहातील शब्दांच्या याद्या करून त्यांना ‘कामगार बोलीचा कोश’ म्हणण्याची प्रथा म्हणूनच सोडावी. बोली हवी असेल, तर ती बोलणाऱ्यांकडे जाऊन टिपावी. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरणी कामगार गावी परतले. त्यांची पिढी आता मावळत आहे आणि ते काम थांबू शकत नाही. कवितेकडे मात्र कविता म्हणूनच जावे, आणि ‘गा’ या एका अक्षराने आपल्याला कोठे बसविले आहे, याचा विचार करावा.