मराठी खाद्यपरंपरेतील काळे तीळ : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना

ज्या मराठी घरांत श्राद्धपक्ष विधिपूर्वक होतो, त्या घरांत तिळाच्या दोन जागा ठरलेल्या असतात. पांढऱ्या तिळाचा डबा स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. काळ्या तिळाची पुडी देवघराच्या कप्प्यात, दर्भ आणि गोपीचंदन यांच्या शेजारी असते. पहिला डबा संक्रांतीला रिकामा होतो व पुन्हा भरला जातो. दुसऱ्या पुडीतील तीळ वर्षानुवर्षे पुरतात. या विभागणीचे कारण विचारले असता सर्वसाधारणपणे एकच उत्तर मिळते : काळा रंग अशुभ, म्हणून काळे तीळ पितरांचे. सणवार, व्रते आणि खाद्यसंस्कृती यांविषयीच्या आपल्याकडील लेखनातही हेच उत्तर थोड्याफार फरकाने येत असते. हे उत्तर अपुरे आहे. किंबहुना त्याच्या पुनरुक्तीमुळे काळ्या तिळाच्या खाद्यविषयक बाजूकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

रंगाच्या अशुभत्वाची मीमांसा

अशुभत्वाची ही उपपत्ती तिच्या हक्काच्या सणापाशीच डळमळते. एरवी मंगल प्रसंगी वर्ज्य असणारा काळा रंग संक्रांतीला आवर्जून नेसला जातो. नववधूची काळी चंद्रकळा आणि तिच्यावरचे हलव्याचे पांढरे दागिने हे चित्र सर्वपरिचित आहे. थंडीत काळे वस्त्र ऊब धरते, हे त्याचे स्पष्टीकरणही आपण सहज स्वीकारतो. म्हणजे ज्या दिवशी काळे वस्त्र शुभ मानले जाते, त्याच दिवशी काळा तीळ ताटातून गैरहजर असतो. रंग हेच कारण असते तर ही विसंगती राहिली नसती.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत तर क्रम नेमका उलटा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधीत सर्व तिळांमध्ये काळा तीळ श्रेष्ठ, पांढरा मध्यम आणि इतर रंगांचे हीन, असा निवाडा दिलेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, रसायनाच्या प्रकरणात, रोज ठराविक प्रमाणात काळे तीळ खाऊन वर थंड पाणी प्यावे, त्याने शरीर पुष्ट होते व दात मरेपर्यंत बळकट राहतात, असे सांगितले आहे. येथे काळा तीळ जिवंत माणसाने, तोही रोज, खावयाचा आहे. शुभाशुभाचा प्रश्न तेथे उपस्थितही होत नाही.

भाषेची साक्ष याहून बोलकी आहे. गालावरचा तीळ हा सौंदर्याचा विशेष आणि तो काळाच असतो. संस्कृत वैद्यकात त्याला तिलकालक म्हणतात. त्या शब्दातच काळेपणा आहे. याच भाषेत दुसरीकडे तिलांजली देणे म्हणजे कायमचा त्याग करणे. हा वाक्प्रचार मृताला तीळमिश्रित पाणी देण्याच्या विधीतून आला, हे उघड आहे. एकाच दाण्याने सौंदर्य आणि वियोग असे दोन्ही अर्थ वाहिले आहेत. त्यांपैकी एकच उचलून त्याला परंपरा म्हणणे योग्य नव्हे.

तुकोबांच्या गाथेतही तीळ दोन परस्परविरोधी रूपांत भेटतो. एका अभंगात होमात तीळ-तांदूळ जाळून मनातील विकार तसेच ठेवणाऱ्या कर्मठावर टीका आहे. दुसऱ्या अभंगात संक्रांतीचा पर्वकाळ आहे आणि तेथे खुद्द देवच तिळाच्या गोडीत उतरला आहे. तुकोबांनी भेद केला तो जाळण्याचा तीळ आणि खाण्याचा तीळ असा. रंगाची वाच्यता दोन्हीकडे नाही. आपल्या अभ्यासकांनी हा भेद सोडून रंगाचा भेद का धरला, हे कोडेच आहे.

विधीतील स्थान

तर्पणाच्या प्रचलित पद्धतीत देवांना तांदळाने, ऋषींना जवाने आणि पितरांना काळ्या तिळाने उदक दिले जाते. पिंडाच्या भातातही काळे तीळ मिसळतात. शनिवारी शनीला तेल, काळे तीळ आणि उडीद देण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. मात्र तिळाचा विधी एवढ्यावर संपत नाही. पौष वद्यात येणाऱ्या षट्तिला एकादशीच्या नावातच तिळाचे सहा उपयोग गृहीत आहेत : तिळाच्या पाण्याने स्नान, तिळाचे उटणे, तिळाचा होम, तिळोदक, तिळाचे दान आणि तिळाचे भक्षण. शरीर, अग्नी, पितर, याचक आणि जठर या सर्वांना या यादीत स्थान आहे. भोगीच्या दिवशी तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी आणि तिळाचे उटणे ही याच व्यवस्थेची लौकिक रूपे होत.

तेव्हा विधीत काळा तीळ वेगळा काढला गेला तो त्याज्य म्हणून नव्हे, राखीव म्हणून. त्याज्य आणि राखीव यांत फरक आहे. देवासाठी काढून ठेवलेला नैवेद्यही आपण आधी खात नाही, परंतु त्याला अशुभ म्हणत नाही. हा फरक न केल्यामुळे पुष्कळ गोंधळ झाला आहे.

तथापि राखीवपणा हेही पूर्ण उत्तर नाही. तमिळनाडूत अमावास्येचे तर्पण काळ्या तिळानेच होते, आणि तेथेच काळ्या तिळाचे गूळ घालून वळलेले लाडू, म्हणजे एळ्ळुरुंडै, आवडीने खाल्ले जातात; भाजलेल्या काळ्या तिळाची पूड कालवलेला भात, एळ्ळु सादम, हा शनिवारचा नैवेद्य असतो व तो प्रसाद म्हणून पानात येतो. आसामात माघ बिहूचा तिळपिठा काळे तीळ आणि गूळ यांच्या सारणाने भरतात, आणि हा बिहू आपल्या संक्रांतीच्याच सुमारास येतो. म्हणजे विधी तोच असूनही स्वयंपाकघराने काळ्या तिळाला बाहेर काढलेले नाही. मग महाराष्ट्रात तो बाहेर का गेला? याचे उत्तर धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा चुलीजवळ शोधणे अधिक फलदायी ठरेल, असे वाटते.

चुलीजवळची कारणे

पांढरे तीळ भाजताना डोळा पुरतो. मराठी पाककृतींची सूचना ठरलेली असते : मंद आचेवर गुलाबी किंवा बदामी रंगावर भाजावेत. काळ्या तिळाला ही सूचना लागू पडत नाही. त्याचा रंग बदललेला दिसत नाही. तो भाजला गेला हे कानाने आणि नाकाने ओळखावे लागते. दाणे तडतडू लागतात, थोडे फुगतात, बोटांत चुरडले असता सहज फुटतात आणि खमंग वास येतो. तो क्षण चुकला की तीळ कडू होतो, आणि जळलेला काळा दाणा चांगल्या काळ्या दाण्यासारखाच दिसत असल्याने निवडून काढता येत नाही. जी गोष्ट अनुभवाने कानाला कळते ती छापील ओळीत उतरवणे अवघड असते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) या पुस्तकांमधल्या साठ वर्षांत मराठी पाककला तोंडी शिकवणीकडून छापील मापाकडे सरकली. सासू किंवा आई शेजारी उभी नसलेल्या वाचकासाठी रंग ही सर्वांत सोपी खूण होती. कानावर अवलंबून असणारे पदार्थ अशा लेखनात मागे पडणे स्वाभाविक म्हटले पाहिजे.

दुसरे कारण सफाईचे. पांढऱ्या तिळातील काळी माती आणि खडे ताटात पसरताच दिसतात. काळ्या तिळात ते दिसत नाहीत. ते पाण्यात दोन-तीनदा रोळून, तळाशी बसलेली कच टाकून, पुन्हा सावलीत वाळवावे लागतात. एवढा खटाटोप करण्यास रोजच्या चटणीसाठी कोणती गृहिणी तयार होईल? तिसरे कारण बाजाराचे. पॉलिशचा पांढराशुभ्र तीळ हा साल काढलेला तीळ असतो. काळ्या तिळाचा काळेपणा सालीतच असतो. साल निघाली की आतील गर फिकटच. काळा तीळ म्हणून विकावयाचा तर तो सालीसकट, किंचित तुरट, विकावा लागतो. गोड पदार्थांना पॉलिशची चव एकदा अंगवळणी पडल्यावर सालीची चव कचरट वाटू लागली.

आणि चौथे कारण असे की, कोरड्या काळ्या चटणीची जागा महाराष्ट्रात रिकामी नव्हतीच. ती कारळ्याने आधीच घेतलेली होती.

संज्ञांचा घोळ

येथे एका अडचणीचा उल्लेख करणे भाग आहे. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील पाककृती संकलित केल्या. त्यात ‘काळ्या तिळाची चटणी’ अशी नोंद होती. प्रस्तुत लेखिकेने ती मोठ्या उत्साहाने वाचली, कारण आपल्या प्रतिपादनाला पुरावा मिळाला असे वाटले. नमुना मागवून पाहिला तेव्हा तो तीळ नव्हता. लांबट, चकचकीत, दोन्ही टोकांना निमुळता असा तो दाणा कारळ्याचा होता.

कारळे, ज्याला अनेक भागांत खुरासणी म्हणतात, ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती असून तिचे मूळ इथिओपियात आहे. सह्याद्रीच्या उतारांवर वरई-नाचणीच्या शेजारी तिची पिवळी फुले पावसाळ्याच्या अखेरीस दिसतात. तिळाचे कुळ निराळे, दाणा चपटा व थेंबाच्या आकाराचा. तिसरा काळा दाणा कलौंजीचा. तो त्रिकोणी, खरबरीत आणि उग्र वासाचा असतो. आज मराठीत प्रसिद्ध होणाऱ्या भाषांतरित पाककृतींत या तिघांची सर्रास अदलाबदल होते. नानावर पेरलेली कलौंजी काळे तीळ ठरते, कारळ्याची चटणी काळ्या तिळाची ठरते, आणि मग काळ्या तिळाचे गुणधर्म कारळ्याला चिकटवले जातात. सामान्य लेखनात हे क्षम्य असेल. शोधनिबंधांतही हीच अदलाबदल आढळावी, ही मात्र खेदाची बाब आहे.

याच्या उलट चूकही होते. मराठवाडा-सोलापूरकडे तिळाला हावरी म्हणतात. हा शब्द ठाऊक नसलेला संकलक त्याला निराळेच धान्य समजून मोकळा होतो. गावरान तिळात पांढरे, तपकिरी आणि काळे दाणे एकत्रही असतात. अशा तिळाची चटणी कुटणाऱ्या घरात रंगाची विभागणी पोचलेली असेलच असे नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची नोंद करताना, ज्याला आपण महाराष्ट्रीय खाद्यसंस्कृती म्हणतो तिच्यात कोणाचे ताट वगळले गेले आहे, हा प्रश्न स्पष्टपणे उभा केला. काळ्या तिळाविषयीच्या आपल्या ठाम विधानांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे. या लेखाच्या आरंभी वर्णिलेले देवघरातील पुडीचे चित्रसुद्धा ठराविक घरांचेच आहे.

नव्या आरोग्यलेखनाविषयी

गेल्या काही वर्षांत काळ्या तिळाला अचानक प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. केस काळे होतात, हाडे बळकट होतात, असे दावे केले जातात. केसांचा दावा रंगसाम्यावर उभा आहे. म्हणजे रंगामुळे जो कालपर्यंत अशुभ होता तो आता रंगामुळेच गुणकारी ठरला. विचारपद्धती बदललेली नाही, केवळ चिन्ह उलटले आहे.

हाडांच्या दाव्यात तथ्यांश आहे, पण तो अर्धवट सांगितला जातो. अमेरिकी कृषी खात्याच्या आहारकोष्टकानुसार १०० ग्रॅम सालीसकट तिळात सुमारे ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर साल काढलेल्या तिळात ते ६० मिलिग्रॅमच्या आसपास उरते. हा फरक सालीचा आहे, काळ्या-पांढऱ्याचा नव्हे. बिनपॉलिशचा पांढरा तीळही या बाबतीत पॉलिशच्या तिळाहून कितीतरी पुढे आहे. शिवाय सालीतील कॅल्शियम बव्हंशी ऑक्झलेटशी बांधलेले असल्यामुळे ते सगळे शरीराला मिळत नाही. गृहविज्ञानाच्या निबंधांत ९७५ हा आकडा उद्धृत करताना तीळ कोणता, सालीसकट की पॉलिशचा, हे क्वचितच नमूद केलेले दिसते. आकडा सालीच्या तिळाचा आणि त्याखालची पाककृती पॉलिशच्या तिळाच्या लाडवाची, असा प्रकार प्रस्तुत लेखिकेने एकाहून अधिक वेळा वाचला आहे.

उपरोक्त विद्यार्थिनीने नंतर आपली वही दुरुस्त केली. ‘काळ्या तिळाची चटणी’ या शब्दांवर काट मारून तिने ‘कारळ्याची (खुरासणीची) चटणी’ असे लिहिले, दाण्याचा नमुना चिकटवला आणि समासात आजीचे उत्तर नोंदवले : काळे तीळ घरात आहेत, पण ते आजोबांच्या तिथीचे; त्यांची चटणी करून पाहावी असे आजवर कोणी विचारलेच नाही.