मुहंमद आणि शार्लमेन
बेल्जियन इतिहासकार आंरी पीरेन (१८६२–१९३५) ह्याचा मरणोत्तर प्रसिद्ध झालेला फ्रेंच ग्रंथ (१९३७). रोमन जगाचे ऐक्य जर्मानिक टोळ्यांनी मोडले नाही. ४७६ नंतरही भूमध्य समुद्रावरील व्यापार चालूच होता. ते भंगले सातव्या शतकातील अरबांच्या विजयांमुळे. त्यानंतर पोप उत्तरेकडील फ्रँकांच्या आश्रयास गेला आणि ८०० मध्ये तिसऱ्या लिओने शार्लमेनला सम्राटपदाचा मुकुट घातला, असे पीरेनचे प्रतिपादन आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेल्या ह्या लेखकाने यूरोपच्या जन्माचे श्रेय जर्मन वंशाला नाकारावे, हे लक्षणीय आहे.

पपायरस, मसाले, रेशीम आणि सुवर्णनाणी ह्या चार वस्तू गॉलमधून नाहीशा झाल्या, हा त्याचा मुख्य पुरावा. तो पुरेसा भक्कम नाही. पोपच्या दप्तरात पपायरस अकराव्या शतकापर्यंत वापरात होता. गॉलमधील सुवर्णनाण्यांचा कस अरबांनी कार्थेज जिंकण्यापूर्वीच (६९८) उतरला होता. पश्चिम भूमध्य समुद्रावरील व्यापार सहाव्या शतकातच रोडावला होता, असे पुढील उत्खननांवरून दिसते. शिवाय बाल्टिक किनाऱ्यावर सापडलेले चांदीच्या दिर्‌हमांचे साठे इस्लामी जगाशी चाललेल्या देवघेवीची साक्ष देतात. इस्लामला केवळ अडसर मानल्यामुळे स्पेन व सिसिली येथून यूरोपला मिळालेली अरबी विद्या पीरेनच्या मांडणीबाहेर राहते. तथापि पोप व फ्रँक राजे ह्यांच्या युतीमागील राजकीय निकड त्याने ज्या स्पष्टतेने उलगडली आहे, ती त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावी लागली.