परग्रहवासी, संभवनीयता आणि भाषेचा प्रश्न

मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेत 'वैज्ञानिक संभवनीयता' हा निकष बहुधा प्रमाणपत्रासारखा वापरला गेला आहे. लेखक वैज्ञानिक असेल तर ती गृहीत धरावयाची, नसेल तर संशय घ्यावयाचा, असा हा व्यवहार. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढील समीक्षा मात्र लेखकाच्या नावाभोवतीच घोटाळत राहिली, हा त्यातील उपरोध.

परग्रहवासीयांच्या आगमनाची कथा या निकषाची खरी परीक्षा पाहते. भौतिकीचा आक्षेप सर्वपरिचित आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे; सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या 'व्हॉयेजर १' सारख्या यानाला तेवढे अंतर कापण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. प्रवासाऐवजी संदेश पाठवावा, तर १९७४ साली अरेसिबोहून 'एम १३' या तारकागुच्छाकडे धाडलेल्या संदेशाचे उत्तर येण्यास सुमारे पन्नास हजार वर्षे लागणार. म्हणजे भौतिकीच्या दृष्टीने प्रथम संपर्क हा संवाद नसून जवळजवळ पुरातत्त्वच ठरतो.

'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीची रचना हे मर्म नेमके ओळखते. येथे यान उतरत नाही. उत्खननात एक पेटी सापडते, प्रगत परंतु लयास गेलेल्या संस्कृतीचे ज्ञान तीतून हाती येते, आणि त्या ज्ञानातून वामन हा यंत्रमानव घडतो. पाहुणा अवकाशातून न येता काळातून येतो. फ्रेड हॉईल यांच्या 'ए फॉर अँड्रोमेडा'मध्येही संदेशातूनच यंत्र उभे राहते. गुरुशिष्यांमधील हे नाते केवळ विश्वशास्त्रापुरते नव्हते.

परंतु याच ठिकाणी, भौतिकीला जेथे समाधान मिळते तेथेच, दुसरे एक विज्ञान अस्वस्थ होते. ते भाषाविज्ञान. पेटीतील मजकुराची उकल झाल्याखेरीज कथानक पुढे सरकू शकत नाही, आणि अशा उकलीमागे गणित ही सर्व बुद्धिमंतांची समान भाषा आहे ही श्रद्धा उभी असते. अरेसिबोच्या संदेशात १६७९ चिन्हे होती. २३ आणि ७३ या मूळ संख्यांचा हा गुणाकार असल्याने ग्राहकाने ती आयताकृती मांडावीत, म्हणजे चित्र दिसेल, ही अपेक्षा. चित्र दिसेल कोणाला? ज्याला डोळे आहेत, आणि सपाट पृष्ठावरील ठिपक्यांत आकृती पाहण्याचा संकेत ज्याला ठाऊक आहे त्याला. सिंधू संस्कृतीची मुद्रा कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केली. ती घडविणारी माणसे आपल्यासारखीच होती, याच भूमीत राहत होती, तरीही ती लिपी आजवर सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. स्तानिस्लाव लेम यांनी 'सोलारिस' (१९६१) मध्ये या अ-वाचनीयतेलाच आशयसूत्र बनविले. मराठीत तिच्याकडे तांत्रिक अडचण म्हणून पाहिले जाते. प्रकाशवेगाची मर्यादा ओलांडणाऱ्या लेखकाला जाब विचारणारी समीक्षा अर्थाची मर्यादा ओलांडणाऱ्याला विचारत नाही. आणि ही समीक्षा भाषा-साहित्याच्या विभागांतून लिहिली जाते!

'प्रेषित' (१९८३) या दृष्टीने अधिक विचार करावयास लावते. परग्रहावरून आलेले मूल येथे माणसांत वाढते. लिपी उलगडण्यापेक्षा संगोपनातून भाषा मिळणे कितीतरी विश्वसनीय. अर्थात मूल मानवसदृश असल्यानेच हे जमते. म्हणजे भाषेचा प्रश्न सुटतो तो जीवशास्त्राच्या खात्यावर उसनवारी करून. तरीही ही उसनवारी गणितावरील श्रद्धेपेक्षा कलात्मकदृष्ट्या फलदायी आहे, कारण तीतून आपला-परका हा ताण निर्माण होऊ शकतो.

शीर्षकांकडेही लक्ष द्यावयास हवे. यक्ष, वामन, प्रेषित. जागतिक बँकेच्या साहाय्याने वसलेल्या चारकोपच्या सेक्टरांत रात्री मोजके तारेही दिसत नाहीत. तेथील वाचकाला परग्रहवासी पुस्तकातच भेटणार, आणि तो ओळखीच्या नावाने भेटतो. लहान होऊन येणारा व सर्व व्यापणारा याचक ही 'वामन' शब्दाची स्मृती यंत्रमानवाच्या धोक्याला वैज्ञानिक तपशिलापूर्वीच पटण्याजोगे करते. असंभव परंतु पटणारे हे संभव परंतु न पटणाऱ्यापेक्षा श्रेयस्कर, हे ॲरिस्टॉटलचे मत येथे आठवावे. ही संभवनीयता पुराणाने पुरविलेली आहे, भौतिकीने नव्हे.

२००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. नारळीकर या प्रयोगात अग्रभागी होते. नमुन्यांत जिवंत पेशी आढळल्या. त्या अवकाशातून आल्या की पृथ्वीवरूनच वर गेल्या, हा वाद राहिला. २००५ च्या दुसऱ्या प्रयोगातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांपैकी एकीला हॉईल यांचे नाव देण्यात आले. विज्ञानाला गंभीरपणे शोधावासा वाटलेला हा पाहुणा सूक्ष्मजीव आहे. त्याच्याजवळ पेटी नाही, संदेश नाही, आणि त्याच्याशी बोलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.