कथेतली आई आणि तिची शिकलेली लेक

दलित कथेतील स्त्रीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. तिचे दुःख किती, तिचा विद्रोह किती, ती शोषित की लढाऊ, याची मोजदाद समीक्षकांनी केली. पण कथेत या स्त्रीकडे पाहणारे डोळे कोणाचे आहेत, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. तो विचारला म्हणजे माझ्यासारख्या वाचक बाईला या कथेत आपली आई जागोजाग भेटते आणि आपण स्वतः मात्र भेटत नाही, असे का होते याचा उलगडा होऊ लागतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई. बाबूराव बागुलांची ‘आई’ आणि ऊर्मिला पवारांची ‘कवच’ या दोन कथा मी वर्गात एकापाठोपाठ घेते. बागुलांचा पांडू शाळेत आईची महती सांगणारी कविता ऐकतो आणि शाळेतलीच पोरे त्याच्या आईला नावे ठेवतात. आई विधवा आहे, तरुण आहे, नवऱ्याच्या संशयाखाली होरपळलेली आहे, आणि तिला देह आहे. मराठी साहित्याने देव्हाऱ्यात बसवलेल्या ‘आई’ या शब्दालाच बागुलांनी सुरुंग लावला. हे धाडस प्रस्थापितांपैकी कोणाला जमले नसते. तरीही कथेत तिचा निवाडा करतो तो मुलगाच.

‘कवच’मधली इंदिरा आंबे विकते. बाजारातले पुरुष आंब्यांवरून द्व्यर्थी बोलतात आणि ती त्यांच्याच भाषेत त्यांची तोंडे बंद करते. तिचा मुलगा गौऱ्या शरमेने अर्धा होतो. मग त्याला कळते की आईची ही जीभ म्हणजेच तिचे कवच आहे. बागुलांच्या आईला जी भाषा मिळाली नाही ती ऊर्मिलाताईंनी इंदिरेला दिली. पण डोळे इथेही मुलाचेच.

वर्गातल्या मुलांना दोन्ही कथा लगेच भिडतात. पांडूची चीड त्यांना ठाऊक असते, गौऱ्याची शरमही. मुली मात्र गप्प असतात. एकदा मागच्या बाकावरून एकीने विचारले, “मॅडम, गौऱ्याला बहीण नव्हती का?” दलित कथेवरच्या परिसंवादांत मी इतका नेमका प्रश्न ऐकलेला नाही.

कारण बहीण असती तर कथा बदलली असती. मुलगा आईसाठी लाजतो, त्याला घराच्या अब्रूची काळजी. मुलीला तेच शब्द आपल्या अंगावर येताना ऐकू येतात, कारण उद्या ती पाटी तिच्याच डोक्यावर यायची असते. आणि ती शिकली, पाटी चुकवून नोकरीला लागली, तर? मग आईची जीभ तिच्या कामाला येत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये कोणी शिवी देत नाही. “तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत, वाटत नाही हं,” असे गोड हसून म्हटले जाते. याला इंदिरेचे उत्तर चालत नाही आणि दुसरे उत्तर कोणी शिकवलेले नाही. या मुलीचे काय, हे आपल्या कथेने क्वचितच विचारले.

मग ही मुलगी इतरत्र स्वतःला शोधते. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये (१९३३) शिकलेल्या, कमावत्या मुली आहेत, त्यांच्या पगारावर बापाचे घर चालते आणि त्यांचे लग्न मागे पडते. हे वाचताना मी पुष्कळ काही ओळखले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्या मुलींना भाड्याची खोली बघताना आडनाव विचारले म्हणून घशाला कोरड पडत नाही. याच लेखिकेने पुढे ‘बळी’ (१९५०) लिहून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत मराठी कादंबरीत आणली. मला या दोन पुस्तकांमधली जागा दिसते. कुंपणातून बाहेर पडून पदवी घेतलेली, पगारातून भावाची फी भरणारी पोर त्या जागेत कुठे तरी उभी असणार. तिला कोणी लिहिले नाही.

तिने स्वतःच लिहिले, पण आत्मकथनात. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) संस्कृतची एम.ए. झालेली दलित मुलगी आहे. तिला नोकरी मिळते ती आंतरजातीय लग्नाने आडनाव बदलल्यावर. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’त (१९८६) शिक्षिका आहे. माझा चेहरा मला पहिल्यांदा दिसला तो या पुस्तकांत.

पण आत्मकथनातली बाई साक्षीदार असते. तिच्या एकेका वाक्यावर समाजाचा खटला उभा असतो, विरोधी वकील टपलेला असतो, आणि मागे आपलीच माणसे बसलेली असतात. तिला क्षुद्र होता येत नाही, स्वार्थी होता येत नाही. पात्राला हे सारे करता येते. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतल्या तरुणाने जात लपवली आणि त्या लपवण्यातून एक युगप्रवर्तक कथा झाली. खोलीसाठी जात लपवणारी, त्याची फारशी खंतही न वाटणारी, गावाकडून वळकटी घेऊन आलेल्या पाहुण्यांवर मनात चिडणारी आणि तरी त्यांना मटण रांधून घालणारी प्राध्यापिका कोणी लिहिली, तर तिच्याभोवती कोणते युग उभे राहील? आपल्यातलेच काही तिला ‘दलित ब्राह्मण’ म्हणून मोकळे होतील.

कार्यकर्ते म्हणतील, अत्याचार थांबलेले नाहीत आणि बाईंना पांढरपेशा नायिका हवी! मला नायिका नकोच आहे. चळवळीने ज्या मुलींना शाळेत घातले, त्या शिकून कुठल्या एकटेपणात जाऊन पोचल्या, याची चौकशी हवी आहे. खैरलांजीच्या (२००६) प्रियांका भोतमांगेचे नाव आपण घेतो ते हत्याकांडातली बळी म्हणून. ती शिकत होती, शिकून तिला काही तरी व्हायचे असणार, हे कोणत्या कथेच्या मनात आले?

अपवाद आहेत. प्रज्ञा दया पवार यांचा ‘अफवा खरी ठरावी म्हणून’ हा संग्रह आणि शिल्पा कांबळे यांची ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ यांवर स्वतंत्र लिहावे लागेल. ऊर्मिलाताईंची ‘वेगळी’ तर आधीच होती. नोकरी करणारी सून वेगळ्या घराचा हट्ट धरते आणि कथा तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही. ‘कवच’चे नाव सर्वांच्या तोंडी असते, ‘वेगळी’चे फारसे येत नाही. पुढच्या सत्रात मी या दोन्ही कथा शेजारी ठेवून शिकवणार आहे. मागच्या बाकावरच्या मुली सासूची बाजू घेतात की सुनेची, हे मला पाहायचे आहे.