पीकवाढीच्या काळातील तापमान आणि बियाण्याची प्रत : पोशीर परिसरातील भाताच्या संदर्भात एक चिकित्सा

पीक शेतात उभे असताना लाभलेल्या तापमानाचा बियाण्याच्या प्रतीवर होणारा परिणाम हा विषय महाराष्ट्रात प्रामुख्याने सोयाबीनच्या अनुषंगाने चर्चिला जातो. त्याला कारणही तसेच आहे. ऑक्टोबर 2019 मधील पावसात काढणीचे पीक भिजले, 2020 च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या आणि त्यानंतर उन्हाळी बीजोत्पादनावर भर देण्यात आला. तथापि, सोयाबीनवरून काढलेले निष्कर्ष कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या भातपिकाच्या गावास जसेच्या तसे लावता येतील काय, हे तपासणे आवश्यक आहे.

सोयाबीनबाबत पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात टेक्रोनी, एग्ली आदी संशोधकांनी दाणे भरण्याच्या काळात दिवसाचे तापमान 38 अंशांपर्यंत वाढवून पाहिले, तेव्हा उगवणशक्ती व जोम दोन्ही घटले. सोयाबीनचे साल पातळ आणि अंकुर त्याच्या लगतच. त्यामुळे इजा लवकर होते. उन्हाळी पीक परतीच्या पावसातून सुटते खरे, पण पेरणी लांबली की दाणे भरण्याचा काळ नेमका कडक उन्हात येतो. एक संकट टाळताना दुसरे ओढवून घेतले जाते, याकडे प्रचारात पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे म्हणावे लागते.

भाताची स्थिती निराळी आहे. दाण्यावर तुसाचे कवच असते. रीडिंग विद्यापीठातील एलिस व सहकाऱ्यांच्या 1993 मधील अभ्यासात उष्ण वातावरणात पिकलेल्या जपोनिका भाताच्या बियाण्याचे साठवणीतील आयुष्य घटलेले दिसले. इंडिका वाणावर हा परिणाम तितका ठळक नव्हता. कोकणातील भात इंडिका गटातील आहे. म्हणून ‘ऊन वाढले की बियाणे बिघडले’ हे सरधोपट विधान येथे टिकत नाही. भाताचा खरा नाजूक क्षण फुलोऱ्याचा. त्या वेळी तापमान 35 अंशांपलीकडे गेले तर परागकण निकामी होतात आणि लोंबीत पळींज वाढते. दाणा भरताना उष्मा राहिला तर तांदूळ पांढुरका, खडूसारखा होतो. हे नुकसान उत्पन्नाचे व तांदळाच्या प्रतीचे आहे. ते उगवणशक्तीच्या घटीशी एकरूप मानणे चुकीचे होय.

पोशीर परिसरातील पावसाळी भात सप्टेंबरच्या सुमारास निसवते व ऑक्टोबरमध्ये कापणीस येते. तेथे उष्म्यापेक्षा परतीच्या पावसाचा धोका मोठा. आडव्या पडलेल्या पिकात लोंबीतच मोड येतात. याच तालुक्यात राजनाला कालव्याच्या पाण्यावर होणाऱ्या उन्हाळी भाताला मात्र मार्च-एप्रिलचे ऊन सोसावे लागते. एकाच तालुक्यातील या दोन हंगामांच्या बियाण्यास एकच कसोटी लावली जाते : किमान 80 टक्के उगवणशक्ती. सोयाबीनसाठी हीच मर्यादा 70 टक्के आहे. प्रयोगशाळेतील अनुकूल परिस्थितीत मोजलेल्या या टक्केवारीतून जोम कळत नाही. पिशवीवरील खूणचिठ्ठीवर वाण, शुद्धता, उगवणशक्ती व चाचणीचा दिनांक असतो. दाणा कोणत्या महिन्यात भरला याची नोंद तेथे नसते.